स्विच बंद होता

अमरावती,
११ फेब्रुवारी १९६८

तीर्थरूप वहिनींना देवमनचा जयभीम.

तुम्ही परवा न जेवताच निघून गेलात. शालूनं वाढलेलं ताट तसंच राहिलं. लेकीचं नाव ठेवायला आलेली माणसं विचारत होती, अकोल्याच्या बाई कुठं गेल्या म्हणून. दवाखान्यातून तातडीचं बोलावणं आलं, असं मी सांगितलं. दाईला कधीही बोलावणं येतं, त्यामुळे कुणी फार विचारलं नाही.

त्या काचा मी आदल्या दिवशीच कॉलेजात नेऊन ठेवायला हव्या होत्या. पुढच्या खोलीत भिंतीला टेकवलेल्या, दोन्ही बाजूंनी तांब्याचा पत्रा चिकटवलेल्या. त्या पाहून तुम्ही आधी पाळण्यातल्या लेकीला उचललंत, मागच्या खोलीत नेऊन निजवलंत, आणि मगच मला विचारलंत, "हे करंटचं होये का?" मी हो म्हणालो. खोटं बोलता आलं असतं, पण तुमच्याशी कधी बोललो नाही.

तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते अजून कानात आहे. "तुह्या दादाले पोचवून आलो त्या दिवशी माह्या हातावर हात ठेवून काय म्हनला होता तू?"

म्हणालो होतो, वहिनी. करंटला कधी हात लावणार नाही, असं म्हणालो होतो. मॅट्रिकच्या वर्गातलं पोरगं होतो मी. दादा सरकी काढायच्या गिरणीत फिटर होता आणि तिथल्याच मोटारीनं त्याचा जीव घेतला. त्या दिवशी तुम्ही मागितलं असतं ते सगळं मी दिलं असतं. पुढे तुम्ही मला शिकवलंत, पदार्थविज्ञान घेऊ दिलंत, कारण तुम्हाला वाटलं की पुस्तकातली वीज कुणाला मारत नाही. मीही बरीच वर्षं तसंच धरून चाललो.

आता जे करतोय ते सांगतो. लेसर नावाचा एक उजेड निघाला आहे. कंदिलाचा उजेड चारी बाजूंना पसरतो. हा पसरत नाही, दोरी ताणल्यासारखा सरळ जातो. परदेशात हा उजेड काढतात. नागपूरच्या ग्रंथालयात मी त्यावरचा लेख वाचला. त्यासाठी एका पेटीत विरळ हवा ठेवायची आणि तिच्यातून विजेचा एक जबरदस्त ठोका द्यायचा. ठोका उंच हवा आणि झटपट हवा. डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळसुद्धा त्याच्यापुढे युगासारखा आहे. तेवढी वीज आधी साठवावी लागते, म्हणून त्या काचा. असं यंत्र विकत मिळत नाही आणि मिळालं तरी आमच्या कॉलेजला ते झेपणार नाही. विभागप्रमुख म्हणाले, आपल्या हयातीत अमरावतीत ते दिसायचं नाही. प्राचार्यांनी मात्र रसायनशास्त्राच्या मागची अडगळीची खोली दिली.

हे मी नावासाठी करतो आहे असं तुम्हाला वाटेल. थोडं तसंही असेल. पण दादा गेला त्या दिवसापासून वीज म्हणजे काय ते मला पुरतं समजून घ्यायचं आहे. नुसत्या पुस्तकानं ते झालं नाही.

रागावलात तरी पत्र पाठवा.

तुमचा,
देवमन


अमरावती,
२ जुलै १९६८

तीर्थरूप वहिनींना जयभीम.

अक्षर शालूचं आहे, मी सांगतोय आणि ती लिहितेय. उजव्या हातावर चहा सांडून थोडं भाजलं. काळजीचं काही नाही. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं आहे आणि कॉलेजनं रजा दिली आहे. डोक्याला टाके आहेत ते लवकरच काढतील.

लेक पालथी पडायला लागली. शालू विचारते, तुम्ही कधी येता.

फेब्रुवारीपासून तुमचं पत्र नाही.

देवमन


अमरावती,
२१ जुलै १९६८

तीर्थरूप वहिनींना जयभीम.

अक्षर वेडंवाकडं दिसेल, पण माझंच आहे. मागच्या पत्रात चहाचं लिहिलं ते खोटं होतं. चहानं डोक्याला टाके पडत नाहीत, हे तुमच्यासारख्या दवाखान्यात वावरणाऱ्या बाईच्या लक्षात आलंच असेल.

झालं ते असं. दुपारचे तास संपवून मी आमच्या खोलीत गेलो. प्रयोगशाळेतले खुशालराव सोबत होते. काचा विजेनं भरून पाहिल्या, पण ठोका नीट बसेना. एक बोल्ट ढिला वाटला. मी मेन स्विच पाडला. खुशालरावांच्या समोर पाडला. मग पाना घेऊन वाकलो. त्यापुढचं मला आठवत नाही. छातीतून कुणी काहीतरी उपटून नेलं एवढं कळलं. शुद्ध आली तेव्हा दवाखान्यात होतो. पडताना डोकं फरशीवर आपटलं होतं आणि दोन बोटांची कातडी गेली होती. बोटं वळतात. आता बरा आहे.

आता खरं ते लिहितो.

प्राचार्य भेटायला आले. चांगले गृहस्थ आहेत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, गडबडीत स्विच पाडायचं राहिलं असेल." मी म्हणालो, नाही, पाडला होता. ते हसले. विभागप्रमुख आले, तेही तेच म्हणाले. शालूचे वडील आले, त्यांनीही तेच. मी प्रत्येकाला सांगत होतो, स्विच बंद होता, आणि प्रत्येक जण माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहत होता. तिसऱ्या-चौथ्यांदा तेच वाक्य तोंडातून निघालं आणि मी गप्प झालो. ते वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून.

वहिनी, नत्थुजी हेच म्हणत होता.

दादा गेला तेव्हा त्याच्यासोबत असलेला गिरणीचा वायरमन. दादानं मोटार उघडायची आणि त्यानं स्विच सांभाळायचा, असं त्यांचं काम होतं. गिरणीनं लिहून दिलं की नत्थुजीनं स्विच पाडलाच नाही. तो ओरडून ओरडून सांगत होता की पाडला. ते साल कसं होतं तुम्हाला माहीत आहे. आपण नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन आलो त्याला तीनच महिने झाले होते, घरातले देव बाहेर काढले होते, आणि नत्थुजी भातकुलीच्या शेतकरी घरातला, सवर्णांपैकी. वस्तीत लोक बोलायला लागले की त्यानं मुद्दाम केलं. तो अंत्ययात्रेला आला आणि कडेला उभा राहिला. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर त्याला म्हणालात, "माह्या मानसाले तू मारलं." मी तुमच्या शेजारीच होतो. मलाही तेच वाटत होतं.

आता सरळ सांगतो. साठवलेली वीज स्विच पाडल्यानं जात नाही. स्विच फक्त बाहेरून येणारी वाट बंद करतो. आत भरलेली आतच बसून राहते. एकदा तिला वाट करून दिली तरी काचेच्या पोटात मुरलेली थोडी पुन्हा वर येते. हे मी वर्गात शिकवतो. फळ्यावर आकृती काढून शिकवतो. आणि तरी पाना घेऊन वाकलो.

गिरणीतल्या मोटारीपाशी अशी वीज साठवणारं काही होतं का, ते मला ठाऊक नाही. दादा शेवटच्या दिवसांत मोटारीजवळ बसवलेल्या नव्या लोखंडी डब्यांबद्दल काही म्हणत होता, एवढं अंधुक आठवतं. तुम्हाला आठवत असेल तर कळवा.

देवमन


अमरावती,
१८ ऑगस्ट १९६८

तीर्थरूप वहिनींना जयभीम.

तेलाची बाटली मिळाली. सोबत चिठ्ठी नव्हती, पण बाटलीवरच्या चिंधीची गाठ तुमची होती. शालू रोज बोटांना लावते.

मी अकोल्याला येऊन गेलो. जठारपेठेत तुमच्या दारावरून गेलो आणि आत आलो नाही. कुलूप नव्हतं. तुम्ही बोलवाल तेव्हाच यायचं असं ठरवलं होतं, तरी कोपऱ्यावरून एकदा मागे वळून पाहिलं.

गिरणीत गेलो होतो. सध्या मोसम नाही, यंत्रं उघडून साफसफाई चालली आहे. आताचा फिटर किसनराव म्हणून आहे, चाळिशीचा, बोलका. मी कॉलेजचा मास्तर, विद्यार्थ्यांना मोटारी दाखवायच्या आहेत असं सांगितलं. त्यानं आत नेलं. मोटारीशेजारी भिंतीला ते डबे अजून आहेत, राखाडी रंगाचे, गुडघ्याएवढे. प्रत्येक डब्याशेजारी खिळ्याला लाकडी मुठीची साखळी टांगलेली. मी विचारलं, ही कशाला? तो म्हणाला, "साहेब, स्विच पाडला तरी डबा जिता राह्यते. पयले साखळी लावाची, मंग हात."

मी विचारलं, हे कधीपासून?

तो नवीन होता तेव्हाची गोष्ट त्यानं सांगितली. गिरणीत एक फिटर मेला होता. त्यानंतर डबेवाल्या कंपनीचा माणूस मुंबईहून आला, त्यानं डबे तपासले, मालकांशी दार लावून बोलला, आणि त्याच वर्षीच्या होळीच्या आधी साखळ्या आल्या. त्या डब्यांतली वीज हळूहळू काढून टाकणारा एक भाग असतो, तो तुटलेला निघाला होता. किसनरावाला मेलेल्या फिटरचं नाव माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

म्हणजे दादा जानेवारीत गेला आणि होळीच्या आत त्यांना कळलं होतं. नत्थुजीला त्यांनी त्याआधीच काढून टाकलं होतं, आणि कळल्यावरही कुणी त्याला बोलावून सांगितलं नाही. आपल्यालाही नाही.

तो साखळीवाला खिळा पाहत मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. किसनरावानं पाणी आणून दिलं. गिरणीला मी पत्र लिहिलं आहे. उत्तर येईल असं वाटत नाही.

दादानं काही चूक केली नव्हती, वहिनी. नत्थुजीनंही नाही.

देवमन


अमरावती,
६ ऑक्टोबर १९६८

तीर्थरूप वहिनींना जयभीम.

भातकुलीला जाऊन आलो. तुम्हाला विचारून जायचं होतं, पण तुमचं उत्तर येईना.

नत्थुजी घराच्या ओसरीवर दोर वळत बसला होता. केस पार पिकले आहेत. मी नाव सांगितल्यावर त्याचे हात थांबले. बस म्हणाला नाही. त्याची बायको पार्वताबाई आतून पाण्याचा गडवा घेऊन आली, तिनंच घोंगडी टाकली. मी सगळं सांगितलं. माझ्या हाताचं, डब्यांचं, साखळ्यांचं. तो दोराकडे पाहत ऐकत होता. शेवटी एकच प्रश्न विचारला.

"म्हंजे डबा जिता होता?"

मी हो म्हणालो.

त्यानं दोर बाजूला ठेवला. मला वाटलं होतं, तो चिडेल किंवा रडेल. मग म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहितो.

"पयले पाच-सा सालं मी सांगत होतो, बाबू. ज्याले त्याले सांगत होतो. मंग सांगनं सोडलं. आता तं मले सोतालेच वाट्टे का म्या स्विच पाडलाच नसन. सपनात पाह्यतो तं स्विच वरच राह्यते."

पार्वताबाई दाराआडून म्हणाली, गावात वीज आल्यावर त्यांच्या घरातही दिवा आला, पण यांनी आजवर बटणाला बोट लावलं नाही. तीच लावते, तीच बंद करते.

मी निघालो तेव्हा त्यानं विचारलं, "तुमच्या वयनीले ठाव हाय?" मी म्हणालो, लिहिलं आहे. "मंग?" मी चपला पायात घातल्या. तो पुन्हा दोर वळायला लागला.

माझ्या जाण्यानं त्याचं फारसं काही झालं नाही, वहिनी. मी त्याला काही म्हणालो नव्हतो. म्हणाला होतात तुम्ही. रागावू नका. हे लिहू की नको म्हणून पुष्कळ विचार केला.

देवमन


अमरावती,
१५ डिसेंबर १९६८

तीर्थरूप वहिनींना जयभीम.

मागच्या पत्रानं तुम्ही दुखावला असाल. तरी हे तुम्हालाच आधी कळवतो, कारण दुसरं कुणी सुचत नाही.

यंत्र चाललं.

मधे दोन महिने मी त्या खोलीत गेलो नव्हतो. कुलूप काढायला जायचो आणि दारातूनच परत फिरायचो. मग खुशालराव म्हणाले, आधी साखळी करू, मग बाकीचं पाहू. आम्ही बांबूच्या टोकाला साखळी लावली. शिवाय काचांच्या दोन्ही बाजूंना जोडून मोरचुदाच्या पाण्याची नळी बसवली. तुमच्या भाषेत सांगायचं तर माठाला छिद्र ठेवल्यासारखं आहे. स्विच पाडला की साठलेली वीज त्या निळ्या पाण्यातून आपोआप ओसरते, आणि तरीही आम्ही साखळी लावतो. खोलीत येणाऱ्याला आधी हे शिकवतो, मग यंत्र.

उजेड काही येत नव्हता. पेटीतली हवा नुसती जांभळी व्हायची. खूप डोकं खाजवल्यावर कळलं की चूक तारांत होती. लांब तारेतून वीज रेंगाळत जाते आणि इथं रेंगाळून चालत नाही, सगळी एका धक्क्यात आत शिरायला हवी. तेव्हा तारा काढून टाकल्या. तांब्याचा रुंद पत्रा काचांपासून थेट पेटीपर्यंत आणला आणि ज्यांच्यामधून ठिणगी उडते ते दोन पितळी गोळे पेटीच्या अगदी जवळ घेतले.

हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. पण क्विनाइनचं पाणी त्यानं चमकतं, म्हणून क्विनाइनच्या गोळ्या पाण्यात विरघळवल्या, लिंबू पिळलं आणि तो पेला पेटीच्या तोंडासमोर ठेवला. खिडक्यांना घोंगड्या लावल्या. पितळी गोळ्यांमध्ये काड् काड् असा आवाज झाला आणि पेल्यातल्या पाण्यात एक निळी रेघ उभी राहिली. सरळ, आरपार. खुशालराव हात जोडून उभे राहिले. विभागप्रमुखांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि माझा भाजलेला हात हातात घेतला.

मला आनंद झाला. पण घरी येताना सायकल हातात धरून चालतच आलो. दादाला जिनं मारलं तीच वीज आज मी सांगेन तशी आणि सांगेन तेवढीच चालली होती. याचं काय करायचं ते मला कळेना. शालूला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वहिनींना लिहा."

म्हणून लिहिलं.

देवमन


अकोला,
१९ जानेवारी १९६९

देवमनले सुंदराबाईचा आशीर्वाद. शालूले आन लेकराले पन.

तुहे सारे पत्रं भेटले. सारे वाचले. पयल्या पत्राले जवाब दिला नाई कावून का राग होता. मंग तू गिरनीचं लिवलं ते पत्र आलं तवा राग नोता, लाज होती. तू बरा झाला का नाई हे मी अमरावतीच्या नर्सबाईले इचारत होती, तुले ठाव नसन.

परवा मी भातकुलीले गेल्ती. एकटीच गेल्ती. नत्थुजीच्या घरासमोर गल्लीत मानसं बसले होते, तठीच उभी राह्यली. मी म्हनलं, नत्थुजी, तुमी स्विच पाडला होता. म्या भर लोकाइत तुमाले मारेकरी म्हनलं तं आता भर लोकाइत सांगाले आली, तुमी नाई मारलं. मानसं पाह्यत राह्यले. त्यानं दुपट्टा तोंडाले लावला आन आत गेला. मी तशीच उभी होती. मंग पार्वताबाईनं माह्या हाताले धरून मले सैपाकघरात नेलं. आपल्या बाजूले पाट मांडला. आमी दोघी संगं जेवलो. असं त्या घरात पयले झालं नसन.

जेवनं झाल्यावर नत्थुजी येऊन बसला. मी त्याले म्हनलं, त्या दिवशीचं सांगा. बारा सालं झाले, देवमन, त्या दिवशीचं मले कोनीच काई सांगतलं नोतं. ज्याले ठाव होतं त्याले मी इचारलंच नोतं.

त्यानं सांगतलं. दोघं दुपारी मोटारीमागं बसून एका डब्यात जेवले. कोनी पाह्यलं तं बोलन म्हून लपून जेवत. तुहा दादा त्या दिवशी लय खुशीत होता. सकायपासून ज्याले त्याले एकच सांगे, कारकुनालेबी सांगतलं म्हने. माह्या बायकोनं काल आपलं नाव लिवलं. कोयश्यानं भितीवर लिवलं, सुंदरा. कोनी शिकोलं नाई, माहा भाऊ पाठ करे ते पाहून पाहून शिकली. नत्थुजीले म्हने, सांजच्याले घरी चाल, तुले दाखोतो. मंग दोघं उठून कामाले लागले.

आता तुले सांगतो ते कोनाले सांगतलं नाई. आदल्या दिवशी थे नाव तुह्या दादाले म्या दाखोलं होतं. थो कंदील धरून लय वेळ पाह्यत राह्यला आन येवढंच म्हनला, र उलटा झाला. मले वाटलं, याले आवडलं नाई. सकाई थो गिरनीत गेल्यावर म्या शेनाचा हात फिरोला आन नाव पुसून टाकलं. सांजच्याले नत्थुजी आला असता तं भित कोरीच दिसली असती.

हे पत्र म्या सोता लिवलं हाय. कोनाच्या हातानं लिवून घेतलं नाई. अक्षरं उलटे असतीन तं असू दे.

सुंदराबाई